एक की नऊ

“हा एक आहे का नऊ? एवढंच सांग. बाकी भाषण नको.”

मामा शिडीखाली उभा राहून ओरडत होता. मी वर, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला चिकटलेलो. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश.

“नऊ,” मी म्हणालो.

“आणि कागदावर काय आहे?”

“कागदावर पण नऊच दिसतोय. चष्मा लाव आणि बघ.”

“चष्मा लावलेलाच आहे, गाढवा! कागदावर एक आहे. साहेबांनी बोट ठेवून दाखवला. एक! आणि तू सहा भिंतींवर सहा नऊ काढून ठेवलेस.”

“मग ज्यानं कागद लिहिलाय त्याला जाऊन विचार ना. तो एक आहे का गोगलगाय?”

नळाच्या रांगेतली माणसं हसली. तोंडावर मास्क होते तरी खांदे हलताना दिसत होते. मामाला सगळं चालतं, पण स्वतःच्या भिंतीसमोर कुणी हसलेलं चालत नाही. त्यानं शिडी अशी गदागदा हलवली की डब्यातला रंग माझ्या पँटवर आला.

“पूस तो आकडा. आत्ता. पाच वाजायच्या आत सहाही भिंतींवरचा.”

मामा पाट्या रंगवतो. दुकानांच्या, गाड्यांच्या, भिंतींवरच्या. तीस वर्षं झाली. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून त्याच्या हाताखाली आहे. अक्षरं तो काढतो, आत रंग मी भरतो. आकडे मात्र पूर्ण माझे, कारण बारीक वळणाला मामाचा हात हल्ली थरथरतो आणि हे कुणाला कळलेलं त्याला आवडत नाही. आता कळलं. बघू काय करतो.

शाळेतलं शेवटचं भांडणही एक आणि नऊवरूनच झालं होतं. गणिताच्या पेपरात माझं उत्तर होतं एक्याण्णव. सरांनी वाचलं नव्व्याण्णव आणि मारली फुली. मी म्हणालो, उत्तर बरोबर आहे. ते म्हणाले, तुझा एक नीट नाही. मी म्हणालो, तुमचे डोळे नीट नाहीत. ते म्हणाले, बाहेर हो. झालो, तो आजपर्यंत बाहेरच आहे.

साथ परत उसळली तेव्हा सरकारी ऑफिसनं मामाला कागद दिला. सहा भिंती, ऑइलपेंट, निळ्यावर पांढरं. वरती ‘नागरिकांसाठी सूचना’, खाली पाच ओळी आणि एक फोन नंबर. पहिलीच ओळ अशी: ‘लक्षणे आढळल्यास नागरिकांनी विनाविलंब नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा.’

“हे कुणाच्या डोक्यात शिरणार?” मी तेव्हाच म्हणालो होतो. “सरळ लिहू की. ताप आला, दम लागला तर फोन करा.”

“आपण पेंटर आहोत,” मामा म्हणाला होता. “लिहून दिलंय ते रंगवायचं. शहाणपणा विकायला बसलो नाही.”

तर रंगवलं. नंबरातला शेवटचा आकडा लिहिणाऱ्यानं इतका वळवला होता की मला तो नऊ वाटला. एकाला जरा जास्त वळण दिलं की झालाच त्याचा नऊ. मामा तेव्हा खाली चहा पीत होता. चूक माझी. मान्य. पण पुढचं ऐका.

दहा दिवस कुणाला काही कळलं नाही. कळलं ते तक्रार आली म्हणून नाही, कौतुक झालं म्हणून. ऑफिसच्या साहेबांना वरच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, तुमच्या हेल्पलाईनबद्दल लोक फार चांगलं बोलतायत, फोन लगेच उचलला जातो. या साहेबांना आम्ही शिक्कासाहेब म्हणतो, कारण खिशात पेन एक आणि शिक्के दोन. शिक्कासाहेब खूश होऊन परत आले आणि आलेल्या फोनांची यंत्रातली नोंद उघडली. दहा दिवसांत एकूण अकरा फोन. त्यातले चार स्वतः साहेबांनी लागतोय का बघायला केलेले. मग ते पहिल्यांदाच बाहेर येऊन भिंत वाचायला उभे राहिले. आणि मग मामाला बोलावणं.

म्हणून काल सकाळी मी शिडीवर.

“पुसतो,” मी म्हणालो, “पण आधी फोन लावून बघतो.”

“कशाला?”

“मला बघायचंय, चुकीचा नंबर आहे कुणाचा.”

आधी बरोबर नंबर लावला, एकवाला. तीन वेळा वाजला, मग बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. आपण रांगेत आहात, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग बासरी. बासरी संपली, परत बाई, परत बासरी. मामाचा चहा संपला, नळाची रांग अर्धी सरली, अकरा मिनिटं झाली, तरी मी महत्त्वाचाच. कट केला.

मग नऊवाला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मागे शिलाई मशीनची घरघर चालू होती, ती थांबली.

“हां, बोला. कुणाला त्रास होतोय?”

मी गडबडलो. “मला.”

“वय?”

“सोळा.”

“ताप?”

“नाही.”

“दम लागतोय?”

“नाही. राग आलाय.”

“मग गार पाणी पी आणि फोन ठेव. माझ्याकडे लोकांचा श्वास अडकलाय इथे.”

फोन बंद. मी तसाच शिडीवर बसलो. मामानं खालून विचारलं, “कोण आहे?”

“शिवणकाम करणारं कुणीतरी आहे, मामा. आणि उचलतात.”

मामा म्हणाला, “मग काय झालं? पूस.”

मी शिडीवरून उतरलो, त्याच्या हातात ब्रश दिला आणि सायकल घेतली. परत फोन लावून पत्ता विचारला तर त्यांना वाटलं मला जेवणाचा डबा हवाय, लगेच सांगितला. लाँड्रीच्या वरचा मजला, लोखंडी जिना, दाराला हिरवा पडदा.

पडदा सरकवला तर आतून आवाज आला, “तिथंच थांब. मास्क वर. नाकावर. नाक काय शोभेला आहे?”

मी उंबऱ्यावरच थांबलो. खोली एवढीशी. दोन्ही खिडक्या सताड उघड्या. मध्ये कापायचं टेबल, एका बाजूला मशीन, त्यावर अर्धी शिवलेली शाळेची पँट सुईखालीच राहिलेली. टेबलावर दोन फोन, एक चार्जिंगला. आणि एक बाई, आईपेक्षा थोडी मोठी, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान, आवाज बसलेला.

“मावशी, मी भिंतीवर नंबर काढणारा,” मी म्हणालो. “नऊ मी काढला. तिथे एक होता.”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माप घेतल्यासारखं.

“अच्छा. तूच का तो? पहिले दोन दिवस तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलाय मी.”

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी बोटानं मला गप्प राहायला सांगितलं आणि एक जाड वही पुढे ओढली. कुठल्याही शिवणाऱ्याकडे असते तशीच, मापांची वही. छापील रकाने. नाव, उंची, छाती, कंबर, बाही, ट्रायल, डिलिव्हरी.

“बोला. वय किती त्यांचं? एकसष्ट.” उंचीच्या रकान्यात लिहिलं. “छाती किती? अहो, म्हणजे बोटाला लावलंय त्यावर आकडा काय आलाय? त्र्याण्णव. हाताचं बोट गार आहे का? चोळा, परत लावा, मी थांबते. त्र्याण्णवच? बरं. कंबर... आपलं, ताप? एकशे एक. कितवा दिवस? सहावा. ऐका, पालथं झोपवा, खिडकी उघडी ठेवा, एकटं सोडू नका. मी नर्सताईंना सांगते, त्या दहा मिनिटांत तुम्हाला फोन करतील. नाही आला तर मला करा. नाही, गोळीचं नाव मी सांगणार नाही. ते त्या सांगतील.”

सगळं वहीत. छातीत त्र्याण्णव, कंबरेत एकशे एक, बाहीत सहा. ट्रायलच्या रकान्यात ‘साडेअकरा’. म्हणजे तेव्हा परत फोन करून विचारायचं. डिलिव्हरीत काही नाही.

“डिलिव्हरी म्हणजे?” मी विचारलं.

“बरा झाला की बरोबरची खूण.”

वहीत खुणा भरपूर होत्या. मी लांबूनच मान उंच करून बघत होतो. तीन ओळींवर काळा दोरा ओवलेला होता, सुईनं, कागदातून आरपार. ते काय आहे हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. पान उलटलं.

“राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा ना फोन,” मी म्हणालो.

“ठेवत होते की. दोन दिवस ठेवले. तिसऱ्या दिवशी एक पोरगी बोलली, बाबा उठत नाहीत म्हणून. राँग नंबर म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, पत्ता सांग.” त्यांनी चष्मा पुसला. “पत्ता सांगितला तर माझंच गिऱ्हाईक. त्या बाबांच्या तीन पँटी मी शिवल्यात. कंबर छत्तीस. शेजारी टेम्पोवाला राहतो, त्याचाही शर्ट माझ्याकडेच. त्याला उठवलं, त्यानं नेलं. मग काय, इथल्या अर्ध्या लोकांचं माप माझ्याकडे आहे. ज्याचं माप, त्याचा पत्ता. ज्याचा पत्ता, त्याचे शेजारी कोण तेही ठाऊक.”

समोरच्या भिंतीवर काळं अस्तराचं कापड ताणून ठोकलं होतं. त्यावर कापडावर खुणा करायच्या खडूनं यादी. शाळेच्या इमारतीत खाटा बारा, रिकाम्या दोन. वाचनालयात ऑक्सिजनची मशीन तीन, एक नादुरुस्त. टेम्पोवाले काका, दिवसा. लग्नात स्वयंपाक करणारी मंडळी, आता रिकामी, दुपारी एकला चाळीस डबे. बोटाला लावायची यंत्रं पाच, कुणाकडे आहेत त्यांची नावं. माझ्यासमोरच फोन आला आणि त्यांनी ओल्या फडक्यानं ‘दोन’ पुसून ‘एक’ केला. आम्ही भिंतीवर ऑइलपेंटनं दहा वर्षं टिकेल असं लिहून आलो होतो. इथलं अर्ध्या तासात बदलत होतं.

“रोज सकाळी सगळ्यांना फोन करते,” त्या म्हणाल्या. “जो उचलत नाही त्याचं नाव पुसते. उगाच कुणाला तिथवर पळवायचं नाही.”

“आणि ताप, ऑक्सिजन, हे कुणी शिकवलं?”

“दवाखान्यातल्या नर्सताईंनी. चौथ्या दिवशी त्या इथं आल्या भांडायला. कोण तुम्ही, लोकांना काय वाट्टेल ते सांगता का. मी वही दाखवली. मग टेबलावर बसून सगळं लिहून दिलं. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की त्यांना कळवायचं. नव्वदच्या खाली गेलं की कुणाला विचारत बसायचं नाही, गाडीत घालायचं. औषधाचं नाव आपल्या तोंडून काढायचं नाही. मी माप घेते. औषध ते देतात.”

मी म्हणालो, “मावशी, ऑफिसचा हुकूम आहे. पाच वाजायच्या आत तुमचा नंबर पुसायचा.”

मला वाटलं चिडतील. त्या खुर्चीत मागे टेकल्या. डोळ्यांखाली काळं झालेलं मला तेव्हा दिसलं.

“पूस की,” त्या म्हणाल्या. “दिवसाला दीडशे फोन येतात. आवाज गेलाय माझा. त्या पोराची पँट आठ दिवस सुईखाली आहे.” मग एकदम पुढे झुकल्या. “पण आधी तिकडच्या खुर्चीत माणूस बसव. फोन उचलणारा. तो बसला की मला सांग, मी स्वतः येऊन शिडी धरते. तोवर पुसलास तर बघ.”

मी तिथून थेट ऑफिसात गेलो.

नियंत्रण कक्ष तळमजल्यावर आहे. दाराला बाहेरून कडी. खिडकीच्या काचेतून आत दिसलं. टेबल, त्यावर फोन, फोनवर लाल दिवा पेटतोय, विझतोय, पेटतोय. आवाज नाही. समोर खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला, वाळून कडक झालेला. शेजारच्या खोलीत शिक्कासाहेब कागदावर शिक्का मारत होते.

“साहेब, तिकडं फोन वाजतोय.”

“कर्मचारी विलगीकरणात आहेत,” मान वर न करता ते म्हणाले.

“सगळेच?”

“तिघंही. दुसरे मागितलेत. पत्र गेलंय.”

“आणि आवाज का नाही त्याला?”

“मीटिंग चालू असतात. अडथळा होतो.”

“मग नंबर भिंतीवर कशाला?”

आता त्यांनी वर बघितलं. “नंबर दर्शनी भागात असलाच पाहिजे, असा आदेश आहे.”

“उचलला पाहिजे असा नाही का आदेश?”

“तू कोण?”

“नऊ काढणारा.”

त्यांनी शिक्का खाली ठेवला. सावकाश बोलायला लागले. मला सावकाश बोलणाऱ्यांचा जास्त राग येतो. “हे बघ. ती बाई कोण, तिला अधिकार काय? उद्या तिच्या सांगण्यानं कुणाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण? आम्ही. भिंत आमची, नाव आमचं.”

“आणि तुमच्या न उचलण्यानं झालं तर?”

“त्याचं उत्तर तुला द्यायला मी बांधील नाही. पाच वाजेपर्यंत सहाही भिंतींवर बरोबर नंबर दिसला पाहिजे. नाही दिसला तर तुझ्या मामाचं नाव आमच्या कामांच्या यादीतून कायमचं गेलं समज. वर लोकांची दिशाभूल केली म्हणून पोलिसांत तक्रार.”

मी त्यांच्या टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यासमोर धरलं. “मग कागदावर नीट एक काढून द्या. या वेळी गोगलगाय नको.”

त्यांनी काढून दिला. सरळ, काठीसारखा.

टाकीपाशी आलो तेव्हा दोन वाजले होते. मामानं शेवटचा आकडा निळ्यानं पुसून ठेवलेला. मी त्याला सगळं सांगितलं. वही, दोरा, खिडकीतला लाल दिवा, टॉवेल. मामा ऐकत होता आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवून बुडवून धूत होता. तो आधीच स्वच्छ होता.

“फटाक्या,” तो म्हणाला, “मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण माझ्या हातची चुकीची अक्षरं तीस वर्षांत एकाही भिंतीवर राहिलेली नाहीत. लोक म्हणतील पेंटरला एक आणि नऊ कळत नाही. आणि यादीतून नाव गेलं तर खायचं काय, रंग?”

“साहेबांनी काय सांगितलंय? बरोबर नंबर लिहायचा. एवढंच ना?”

“हो.”

“मग लिहितो.”

मी शिडीवर चढलो. पुसलेल्या जागी सरळ, काठीसारखा एक काढला. मामानं खालून मान हलवली. मग मी त्याच्या पुढे लिहायला लागलो. अक्षरं मी कधी काढली नव्हती, पण हात थांबेना. ‘हा नंबर बरोबर आहे.’ मामा परत मान हलवणार, तोवर मी पुढे गेलो. ‘उचलत नाहीत.’

“ए!” मामा ओरडला.

मी खालची ओळ धरली. तोच नंबर, शेवटी नऊ. मुद्दाम मोठा, मुद्दाम गोल. ‘हा नंबर चुकीचा आहे. उचलतात.’

“खाली उतर,” मामा म्हणाला. ओरडून नाही. ते जास्त वाईट असतं.

उतरलो. रांगेतली माणसं वाचत होती. एक आजोबा मोठ्यानं वाचत होते, बोट फिरवत. मामा भिंतीकडे बघत होता. मला वाटलं आता थोबाडात बसणार.

“‘उचलतात’मधला उ असा काढतात?” तो म्हणाला. “हा उ आहे का वाकलेला खिळा? आणि ‘चुकीचा’ला पहिली वेलांटी? दे इकडे.”

त्यानं माझ्या हातातून ब्रश घेतला आणि शिडी चढला. हात थरथरत होता. मी खालून शिडी अशी घट्ट धरली की माझे दंड दुखले. त्यानं माझी चारही वाक्यं निळ्यानं पुसली आणि परत काढली. ठळक, एकसारखी, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील अशी. आणि वरच्या ‘विनाविलंब संपर्क साधावा’च्या शेजारी त्याला हातभर जागा मोकळी दिसली. तिथे त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलं: ‘ताप आला, दम लागला, थांबू नका. फोन करा.’

“रंग भर,” खाली उतरून म्हणाला. “आणि कडेच्या बाहेर गेलास तर याद राख.”

पाचपर्यंत तीन भिंती झाल्या. शिक्कासाहेब बरोबर पाचला टाकीपाशी आले, गाडीतून उतरले, आणि वाचलं. त्यांच्या ओठांची हालचाल मास्कमधून दिसत होती. दोनदा वाचलं.

“हे काय आहे?”

“बरोबर नंबर,” मामा म्हणाला. हात मागे बांधलेले. “तुम्ही काढून दिलात तसाच.”

“हे पुढचं!”

“पुढचं खोटं असेल तर सांगा, साहेब. मी आत्ता पुसतो.”

टेम्पोवाले काका रांगेत होते, कॅन घेऊन. त्यांनी काही न बोलता फोन काढला, स्पीकर चालू केला आणि वरचा नंबर लावला. रिंग. बाई. रांगेत आहात. बासरी. पाण्याचा नळ चालू होता तो कुणीतरी बंद केला. सगळे बासरी ऐकत उभे. दोन मिनिटं, तीन, चार. एक बाई म्हणाली, “सूर छान आहे हो.” कुणी हसलं नाही.

काकांनी कट केला आणि खालचा लावला. फोन साहेबांच्या समोर धरला, हात लांब करून, अंतर ठेवून.

“हां, बोला.” आवाज बसलेला, पण तोच. “कुणाला त्रास होतोय?”

साहेबांनी फोनपासून मान मागे घेतली.

“बोला ना. घाबरू नका. वय किती?”

“सांगा ना साहेब,” आजोबा म्हणाले. “विचारतायत त्या.”

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग घसा खाकरला. “राँग नंबर,” ते म्हणाले.

“हो, बाळा, राँगच आहे,” फोनमधून मावशी म्हणाल्या. “पण कुणाला त्रास होत असेल तर सांग. लाजू नकोस.”

नळाची सगळी रांग हसली. या वेळी साहेबांना हसले, मामाला नाही. साहेब गाडीत बसले आणि काच खाली करून म्हणाले, “उद्या माणसं पाठवून चुना मारून घेतो सगळ्यावर. आणि तुझं नाव गेलं यादीतून.”

गाडी वळेपर्यंत मामा गंभीर होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “ऑइलपेंटवर चुना? मारू दे. दोन दिवसांत पापुद्रे निघतील.” आणि तो असा हसला की मास्क फुगला. पण ब्रश रुमालात गुंडाळताना एक टोक त्याला तीनदा बांधावं लागलं. यादीतून नाव गेलं ते गेलंच. त्यावर आम्ही अजून बोललेलो नाही.

परतताना मी हिरव्या पडद्यापाशी गेलो. मावशींचा आवाज आता नुसता वारा झाला होता. त्यांनी खडूनं काळ्या कापडावर लिहिलं: ‘उद्यापासून दोन ते पाच तू.’

“मी? मावशी, मला पटकन राग येतो.”

‘चालेल,’ त्यांनी लिहिलं. ‘रागावलेल्या माणसाला झोप लागत नाही.’ मग वहीचं शेवटचं कोरं पान माझ्यापुढे ढकललं आणि घसा ताणून, कसंबसं, बोलल्या. “एक आणि नऊ काढ. भिंतीवर चुकलास ते चाललं. इथे छातीच्या रकान्यात एक्याण्णवचा नव्व्याण्णव झाला, तर आत माणूस गुदमरत असेल आणि आपण म्हणू छान आहे, उद्या फोन करा.”

मी काढले. एक ओळ एकाची, एक ओळ नऊची. त्यांनी चष्म्यातून बघितलं, सातवा एक खोडला, म्हणाल्या, परत. परत काढले. शाळेत मला एवढ्या वेळा कुणी सांगितलं असतं तर मी वही फेकली असती. इथे पान भरलं. खालून दुसरं घेतलं.

आज सकाळी राहिलेल्या तीन भिंती केल्या. चौथ्या भिंतीपाशी चुन्याची बादली घेतलेली ऑफिसची दोन माणसं येऊन उभी होती. त्यातल्या एकाचं माप मावशींच्या वहीत आहे, छाती सत्त्याण्णव, डिलिव्हरीत खूण, मागच्या आठवड्यातली. त्यानं वाचलं, बादली सावलीत ठेवली आणि म्हणाला, आधी जेवून घेतो. अजून जेवतोच आहे. संध्याकाळपर्यंत चुना लागेलही. लागला तर आम्ही परत लिहू. मामाकडे पांढऱ्याचे अजून दोन डबे आहेत आणि तो म्हणतो, त्याला आता ‘उचलत नाहीत’ डोळे मिटून काढता येतं.

नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून येता-जाता मी बघतो. टॉवेल तिथेच आहे. ज्या दिवशी तो टॉवेल उचलून कुणी खुर्चीत बसेल त्या दिवशी नऊ मी स्वतः पुसेन, शब्द दिलाय. तोवर...

दोनला दहा कमी आहेत. मावशी वाट बघत असतील. निघतो.